गर्दुल्ल्याच्या बोलण्यावर काय विश्वास?

रविवारची वंदना संपली की नालासोपारा पूर्वेतील एका विहारात आम्ही रक्तदाब तपासायला बसतो. गेल्या उन्हाळ्यात असेच बसलो होतो. एक माउली रांग संपेपर्यंत बाजूला थांबल्या. सगळे गेल्यावर जवळ येऊन हळूच म्हणाल्या, "ताई, पोराला दवाखान्यात न्यायचंय. पण डॉक्टर विचारणार आणि हा थापा मारणार. त्यापेक्षा रक्ताच्या सगळ्या टेस्ट करून टाका ना, म्हणजे विचारायलाच नको. गर्दुल्ल्याच्या बोलण्यावर काय विश्वास?"

मुलगा चोवीस वर्षांचा, वालीवला एका गाळ्यात कामाला. गर्द ओढतो हे आईला माहीत होते. त्यापुढचे माहीत नव्हते. (ओळख पटू नये म्हणून काही तपशील आम्ही बदलले आहेत, आणि लिहिण्याआधी मायलेकांना विचारले आहे.)

त्या आईच्या बोलण्यात दोन समजुती आहेत. एक, नशा करणारा खोटेच बोलतो. दुसरी, टेस्ट खरे काय ते सांगते. आपल्या प्रत्येक वस्तीत हेच ऐकू येते, आणि खरे सांगायचे तर दवाखान्यातल्या आमच्या जुन्या सहकाऱ्यांकडूनही हेच ऐकू येते.

पहिल्या समजुतीत तथ्य नाही असे नाही. घरातले सिलिंडरचे पैसे गेले, मोबाइल गेला, आईच्या कानातले गेले, आणि दर वेळी उत्तर एकच, "मी नाही घेतलं." ज्या घराने हे भोगले त्या घराला 'त्याच्यावर विश्वास ठेवा' असा उपदेश करणे आम्हाला शोभणार नाही. आम्ही एवढेच म्हणतो की पैशाच्या बाबतीत त्याच्यावर विश्वास ठेवू नका, सुईच्या बाबतीत ठेवा. पैशाबद्दल खोटे बोलला तर त्याला पुढची पुडी मिळते. कुणाची सुई वापरली याबद्दल खोटे बोलून त्याला काय मिळते? काहीच नाही. मिळतो तो फक्त बचाव: तुमच्या शिव्यांपासून, पोलिसांपासून, सिस्टरच्या नजरेपासून. हे भय काढून घेतले तर खोटे बोलायचे कारणच उरत नाही.

आता टेस्टचे पाहू. लघवीच्या तपासणीत गर्दचा अंश साधारण दोन-तीन दिवस सापडतो, गांजाचा त्याहून जास्त दिवस, दारूचा तर काही तासांतच जातो. म्हणजे 'गेल्या दोन दिवसांत घेतले का' एवढेच ती सांगणार. सुई कुणाची होती, आधी किती जणांनी टोचली होती, एकाच झाकणातले पाणी चौघांनी ओढले का, बायकोजवळ जाताना निरोध वापरला का, हे कोणत्याही लॅबच्या कागदावर येत नाही. रक्ताच्या तपासणीत एचआयव्ही किंवा कावीळ 'क' सापडली तर धोका होऊन गेलेला असतो. आणि सापडली नाही तरी निर्धास्त होता येत नाही. सरकारी केंद्रातली नेहमीची एचआयव्ही तपासणी रक्तातील प्रतिपिंडे शोधते, आणि ती तयार व्हायला तीन महिन्यांपर्यंत वेळ लागू शकतो. गेल्या आठवड्यात उसनी सुई टोचलेल्या मुलाचा आजचा रिपोर्ट 'निगेटिव्ह' येईल आणि घर पेढे वाटेल. म्हणून तपासणी कधी करायची हे ठरवायलासुद्धा त्यालाच विचारावे लागते की बाबा, शेवटची वेळ कधीची?

हे आम्ही शहाणपणाने बोलतो आहोत, पण एके काळी आम्ही स्वतः उलटेच वागत होतो. जीएनएम करून आम्ही वॉर्डात लागलो तेव्हाची गोष्ट. पाय मोडलेला एक गृहस्थ भरती झाला. पन्नाशीचा, साधा, हात जोडून बोलणारा. आम्ही फॉर्म भरताना सगळ्या वॉर्डाला ऐकू जाईल अशा आवाजात विचारले, "दारू पितोस का रे?" शेजारी सुनबाई उभी, पायथ्याशी साडू. तो म्हणाला, "नाही सिस्टर." आम्ही 'नाही' लिहिले. तिसऱ्या रात्री त्याचे हात थरथरू लागले, घामाने चादर भिजली, भिंतीवरचे किडे काढायला तो प्लास्टरसकट पलंगावरून उतरायला लागला. भिंतीवर किडे नव्हते. वॉर्डात सगळे म्हणाले, वेड लागले. ती रोज पिणाऱ्याची दारू एकदम तुटल्यावर होणारी अवस्था होती. दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी ती येते, तिच्यात झटके येतात आणि वेळेवर ओळखली नाही तर माणूस दगावतोही. पहिल्याच दिवशी कळले असते तर योग्य गोळ्या आणि बी-१ ची इंजेक्शने देऊन हे टाळता आले असते. तो माणूस वाचला. पण केसपेपरवरचा तो 'नाही' शब्द आमच्या अक्षरातला होता. खोटे तो बोलला खरा, पण त्याला खरे बोलायला जागा आम्ही ठेवली होती का? त्याला आम्ही अरेतुरे केले होते हेही आठवले की आज लाज वाटते.

जगात यावर बराच अभ्यास झाला आहे. ऑस्ट्रेलियातील सिडनीचे संशोधक शेन डार्क यांनी १९९८ मध्ये सुईने नशा करणाऱ्यांवरच्या तोवरच्या अभ्यासांचा आढावा घेतला. त्यांचे बोलणे एका बाजूला आणि लघवीची तपासणी, दप्तरी नोंदी, जोडीदाराची साक्ष दुसऱ्या बाजूला ठेवून पाहिले. निष्कर्ष असा की या माणसांनी स्वतःबद्दल दिलेली माहिती काम करण्याइतपत भरवशाची असते. याउलट अमेरिकेत अटक झालेल्यांना तुरुंगात विचारले आणि मग लघवी तपासली, तेव्हा पुष्कळ जणांनी नशा नाकारलेली होती आणि लघवीने ती दाखवली. इथे विचारणारा आणि विचारण्याची जागा बदलली होती.

आणखी एक गोष्ट पाहा. अमेरिकेतच किशोरवयीन मुलांना काहींना छापील कागदावर आणि काहींना कानाला हेडफोन लावून संगणकावर तेच प्रश्न विचारले गेले. हा अभ्यासही १९९८ सालीच प्रसिद्ध झाला. 'कधी सुईने नशा केली का' या प्रश्नाला संगणकावर 'हो' म्हणणाऱ्यांचे प्रमाण कागदावरच्यापेक्षा तिपटीहून जास्त निघाले. पुढच्या वर्षी सुयांची अदलाबदल करून देणाऱ्या केंद्रांवर असाच प्रयोग झाला, तिथेही समोरासमोरच्या मुलाखतीपेक्षा संगणकाला उसन्या सुईची कबुली देणारे जास्त होते. म्हणजे नशा करणाऱ्याचे बोलणे भरवशाचे असले तरी समोर माणूस बसला की तो थोडे झाकतो. कोण झाकत नाही? साखरेचा पेशंट डॉक्टरसमोर बसला की त्याने महिनाभर गोड खाल्लेलेच नसते.

आपल्याकडे सामाजिक न्याय मंत्रालयासाठी दिल्लीच्या एम्सने देशभर पाहणी केली, तिचा अहवाल २०१९ मध्ये आला. दोन लाखांहून अधिक घरांत जाऊन विचारले. पण त्यांना ठाऊक होते की घरात, सासू-सासऱ्यांसमोर, 'मी गर्द घेतो' असे कुणी सांगणार नाही. म्हणून गर्द, गोळ्या, सुई यांच्यासाठी वेगळी वाट काढली. नशा करणाऱ्यांनाच सांगितले की तुमच्या ओळखीचे आणखी घेऊन या. असे सत्तर हजारांवर लोक बोलते झाले. त्यातून अंदाज निघाला की देशात सुमारे साडेआठ लाख लोक सुईने नशा करतात. दारू पिणारे तर सोळा कोटींच्या घरात. नॅकोच्या २०१४-१५ च्या पाहणीत सुईने नशा करणाऱ्या शंभरांत जवळपास दहा जण एचआयव्हीबाधित आढळले, तर देशातील सर्वसाधारण प्रौढांत हे प्रमाण पाव टक्क्याच्या आत आहे. नव्या सुया कुठे द्यायच्या, जिभेखाली ठेवायच्या ब्युप्रेनॉर्फिन गोळीचे केंद्र कुठे उघडायचे, हे असल्याच आकड्यांवरून ठरते. वस्ती गप्प राहिली की त्या नकाशात वस्ती दिसत नाही.

इथे आपल्या घरातली अडचण सांगितली पाहिजे. आपण पंचशील घेतो. पाचवे शील रोज म्हणतो. १४ ऑक्टोबर १९५६ रोजी नागपुरात बाबासाहेबांनी दिलेल्या बावीस प्रतिज्ञांमध्ये दारू न पिण्याची प्रतिज्ञा आहे. ती आम्हाला प्राणासारखी आहे, कारण आमच्या आज्यांनी नवऱ्यांच्या दारूचा मार खाल्लेला आहे. पण याचा एक परिणाम असा झाला की ज्या घरात कुणी पाचवे शील मोडतो ते घर चौथेही मोडू लागते. विहारात विचारा, "घरी कोणी घेतं का?" उत्तर येते, "छे हो, आम्ही बौद्ध." आणि तोच माणूस संध्याकाळी स्टेशनजवळच्या बारमागे दिसतो. दुसरे कारण याहून खोल आहे. बाहेरचे लोक आधीच आपल्या वस्तीकडे बोट दाखवून 'दारुड्यांची वस्ती' म्हणतात. मग फॉर्म घेऊन आलेल्या आशाताईंना किंवा कुठल्या पाहणीवाल्याला आपणच कशाला पुरावा द्यायचा? हे दुखणे आम्हाला कळते. आम्हीही त्याच वस्तीत वाढलो. पण सोळा कोटी लोक काही आपल्या वस्तीत राहत नाहीत. ऑगस्ट २०२२ मध्ये मुंबई पोलिसांच्या अमली पदार्थविरोधी कक्षाने आपल्या नालासोपाऱ्यात सातशे किलोहून अधिक एमडी पकडली, किंमत सुमारे चौदाशे कोटी. तो माल घेण्याची ऐपत असलेले गिऱ्हाईक चाळीत राहणारे नव्हे. तेव्हा वस्तीची अब्रू जपण्यासाठी आपल्या पोराचा आजार लपवण्यात आम्हाला अर्थ दिसत नाही.

भिक्खू संघात उपोसथाच्या दिवशी पातिमोक्खाचे पठण होते. त्याआधी भिक्खू आपला दोष दुसऱ्या भिक्खूला सांगतो, आणि बहुतेक दोषांवर ती कबुली हाच उपाय असतो. ज्या परंपरेत दोष सांगणाऱ्यासाठी अशी रीत आहे तिच्या विहारात एखाद्या पोराने "माझी चूक होतेय" म्हटले की चार जण उठून जातात, हे आम्ही पाहिले आहे.

भीती पोलिसांचीही आहे आणि ती उगाच नाही. एनडीपीएस कायद्याच्या कलम २७ खाली नशा करणे हाच गुन्हा आहे, गर्दसाठी एक वर्षापर्यंत कैद होऊ शकते. पण त्याच कायद्यात कलम ६४-अ आहे, ते वस्तीत कुणाला ठाऊक नसते. व्यसनी माणूस स्वतःहून मान्यताप्राप्त ठिकाणी उपचाराला गेला तर नशा केल्याबद्दल किंवा थोडा माल बाळगल्याबद्दल त्याच्यावर खटला चालवता येत नाही. मात्र उपचार अर्धवट सोडला तर हे संरक्षण काढून घेता येते. शिवाय एचआयव्ही-एड्स कायदा २०१७ चा आहे, तो सप्टेंबर २०१८ पासून लागू झाला. संमतीशिवाय एचआयव्ही तपासणी करता येत नाही आणि रिपोर्ट इतरांना सांगता येत नाही. त्या माउलींना आम्ही हेच सांगितले की 'सगळ्या टेस्ट करून टाका' हे पोराला न विचारता करणे कायद्यातही बसत नाही.

मग विचारायचे कसे? आधी एकटे गाठा. आई, बायको, मित्र कोणी नको. 'तू घेतोस का' असे विचारू नका, त्याचे उत्तर 'नाही' हेच येते. 'शेवटचं कधी घेतलंस' असे विचारा. यात माहीत असल्याचा सूर आहे पण आरोप नाही. 'महिन्यातून किती वेळा' हा प्रश्न आम्ही टाकून दिला आहे, नशेत असलेल्याला महिना कुठून मोजता येणार? कालपासून मागे जायचे. काल काय केले, परवा पगार झाला तेव्हा, हळदीच्या रात्री, मॅच होती त्या दिवशी. माणसाला तारीख आठवत नाही, प्रसंग आठवतो. आणि 'सुई शेअर करतोस का' असे विचारले तर तो प्रामाणिकपणे 'नाही' म्हणेल, कारण त्याच्या लेखी सुई त्याची स्वतःची असते. पण पुडी चौघांनी मिळून घेतलेली, एकाच झाकणात विरघळवलेली, एकाच कापसातून ओढलेली, सुया एकाच ग्लासातल्या पाण्यात खंगाळलेल्या. कावीळ 'क' चा विषाणू एवढ्या रक्तावरही पसरतो. इथे तो खोटे बोलला नाही, आपण प्रश्न अपुरा विचारला. एमडी नाकाने ओढणाऱ्यालाही विचारावे, नोटेची नळी कितीजणांत फिरली, कारण नाकातले रक्त तिला लागते. कावीळ 'क' आज गोळ्यांनी बरी होते, बहुतेकांना बारा आठवडे पुरतात, आणि २०१८ पासून राष्ट्रीय कार्यक्रमात त्या मोफत आहेत. म्हणजे हा प्रश्न नुसत्या चौकशीसाठी नाही, उत्तर आले तर देण्यासारखे औषध आहे.

आणखी एक प्रश्न जिवाचा आहे: शेवटचा डोस किती वाजता? ब्युप्रेनॉर्फिनची गोळी गर्द अंगात ताजे असताना दिली तर तलफ एकदम उसळते, उलट्या, हगवण, अंगाचा चोळामोळा. मुलगा 'सरकारी गोळीने मारलं' म्हणत पळून जातो आणि पुन्हा येत नाही. गर्द घेऊन साधारण आठ-बारा तास तरी झालेले असावे लागतात. 'दोन दिवस काही घेतलं नाही' असे त्याने डॉक्टरला खूश करण्यासाठी सांगितले, तर ती शिक्षा त्यालाच होते. तसेच केंद्रातून किंवा तुरुंगातून सुटून आलेल्याला शरीराची सवय मोडलेली असते. पूर्वीइतकेच घेतले तर श्वास बंद पडतो. त्याने पुन्हा सुरू केले हे घरात एकाला तरी ठाऊक असायला हवे.

घरेही काही कमी खोटे बोलत नाहीत. लोकलच्या डब्यात चिकटवलेल्या जाहिराती पाहा, 'न सांगता दारू सोडवा'. असल्या पुड्यांत नेमके काय आहे याचा पत्ता नसतो. काही ताई तर मेडिकलमधून दारू सोडवायची खरी गोळी आणून नवऱ्याच्या वरणात मिसळतात. डायसल्फिराम नावाची ही गोळी पोटात असताना तो प्यायला तर रक्तदाब कोसळून जीवावर बेततो, आणि त्याला बिचाऱ्याला कळतही नाही कशाने. ताईंची अगतिकता आम्ही जाणतो. तरीही हे करू नका.

आमचे महानगरपालिकेकडे मागणे मोठे नाही. वसई-विरार पालिका २००९ ची, वस्त्या मात्र दर वर्षी वाढतात. प्रत्येक आरोग्य केंद्रात आठवड्यातून एक दुपार दार लावून बोलता येईल अशी एक खोली द्या. पहिल्या भेटीला आधार कार्ड मागू नका. बाहेर 'व्यसनी रुग्ण' अशी पाटी लावू नका, आम्ही अशी पाटी पाहिली आहे, तिच्याखाली बसायला कोण येणार? आणि विचारणारा होऊ शकला तर स्वतः त्यातून बाहेर आलेला असावा. आम्हाला जे वर्षभरात कळत नाही ते त्याला चहा पिता पिता कळते. पालिका देईपर्यंत विहाराची मागची खोली आहेच. तोवर फोनही आहेत: व्यसनासाठी १४४४६, एचआयव्हीसाठी १०९७, दोन्ही मोफत.

तर त्या मुलाचे. आईने त्याची तपासणी दुसरीकडे आधीच करून घेतली होती, मे महिन्याच्या पहिल्या आठवड्यात. रिपोर्ट निगेटिव्ह. तो विहाराच्या मागच्या खोलीत बसला, आई बाहेर पायरीवर. आम्ही पहिल्यांदा सांगितले की इथले बोलणे दाराबाहेर जाणार नाही. मग विचारले, "शेवटची सुई कधी, आणि कुणाची?" पुष्कळ वेळ तो चपलेकडे पाहत होता. मग म्हणाला, "जयंतीच्या आदल्या रात्री, ताई. मंडपाचं काम झालं आणि आम्ही मागे गेलो. दोघांत एकच होती." तेरा एप्रिल. म्हणजे तो रिपोर्ट तीन आठवड्यांचाच होता, त्यावर भरवसा ठेवता येत नव्हता. पुन्हा तपासणी जुलैच्या मध्यानंतर करायची असे त्याच्यासमोर कॅलेंडरवर खूण करून ठरवले, कावीळ 'क' चीही लिहून दिली, आणि तोवर कुणाची वस्तू कुणी वापरायची नाही यावर बोललो.

बाहेर आलो तेव्हा आई उठून उभ्या राहिल्या. "काय सांगितलं त्याने?"

आम्ही म्हणालो, "ते त्यालाच विचारा, मावशी. पण ओरडू नका."

त्या रागावल्या. दोन रविवार विहारात आमच्याशी बोलल्या नाहीत. पावसाळा लागल्यावर एका संध्याकाळी त्यांचा फोन आला, जुलैच्या तपासणीला बरोबर कोण जाणार हे विचारायला. कसली तपासणी हे आम्ही त्यांना सांगितले नव्हते.